शिट्टीबाईंच्या हृदयातला वण

माझ्या नणंदेला आमच्या भागात कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे शिट्टीबाई म्हणायचे. नगरपालिकेच्या तलावावर त्या पोहायला शिकवायच्या, आणि त्यांची शिट्टी अशी कडक की पाण्यातली पोरं तर जागच्या जागी थबकायचीच, पण भिंतीपलीकडच्या रस्त्यावरून जाणारा सायकलवालाही नकळत ब्रेक दाबायचा. मी त्यांना ताई म्हणायचे. आमचं फार सख्य होतं असं मी म्हणणार नाही. नणंद-भावजयीत जेवढं असतं तेवढं होतं, म्हणजे भांडायला पुरेल इतकं.

आम्ही एकाच इमारतीत राहायचो. आम्ही पहिल्या मजल्यावर आणि त्या बरोबर आमच्या डोक्यावर. लग्न त्यांनी केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायच्या, "दिवसभर लोकांना पाण्याबाहेर काढते. घरी आल्यावर आणखी एकाला कोण काढत बसणार?" उघड्या तलावावर उन्हात राहून राहून त्या काळ्याभोर झाल्या होत्या. केस आखूड, खांदे दारात आडवे लागतील असे. मी कपडे अल्टर करते. बाह्या आखूड करणं, चेन बदलणं, कंबर सैल-घट्ट करणं. ताईंना दुकानातला एकही तयार कपडा खांद्यात बसायचा नाही. नवा कपडा आणला की तो सरळ माझ्या मशीनवर टाकायच्या आणि म्हणायच्या, "ह्यात माझे खांदे कोंबून दे."

माझा नवरा त्यांचा धाकटा भाऊ. पन्नाशीला आला तरी त्या त्याला छोट्या म्हणायच्या. तो छापखान्यात मशीनवर असतो. स्वभाव ताईंच्या नेमका उलटा. साधी शिंक आली तरी त्याला न्यूमोनिया दिसायचा. माझे सासरे ही दोघं लहान असतानाच गेले. शिडीवर चढून दिवा बदलत होते, खाली पडले ते उठलेच नाहीत. पडून गेले, असं सगळे सांगत आले. आधी गेले आणि मग पडले, असं कुणाच्या डोक्यात यायचं काही कारण नव्हतं.

नवऱ्याला धाप लागायला लागली तेव्हा आम्ही दोघींनी आधी त्याची थट्टाच केली. जिन्याच्या वळणावर तो कठडा धरून उभा राहायचा आणि वरून ताई ओरडायच्या, "छोट्या, पहिला मजला आहे रे, शिखर नाही!" मग तो आडवा झोपेनासा झाला. भिंतीला टेकून बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचा. मोजे काढले की घोट्याच्या वर रबराचा खोल वळ उठलेला दिसायचा. ताईंनी एकदा तो वळ पाहिला, त्यावर अंगठा दाबला, आणि अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी तलावावर सुट्टी टाकून त्याचा अक्षरशः कान धरून दवाखान्यात घेऊन गेल्या.

हृदयाच्या डॉक्टर म्हणजे एक मध्यमवयीन बाई होत्या. बोलणं मोजकं. चष्मा डोळ्यांपेक्षा केसांतच जास्त. त्यांनी इको काढला. पंपिंग व्हायला पाहिजे त्याच्या निम्म्यावर आलं होतं. त्या 'हार्ट फेल्युअर' म्हणाल्या आणि त्यातला 'फेल' एवढाच शब्द नवऱ्याच्या कानात शिरला. तो पांढराफटक पडला.

"फेल म्हणजे बंद पडलं असं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "अशक्त झालंय. कशामुळे ते बघायला हृदयाचा एमआरआय करू. घरात कुणी कमी वयात अचानक गेलंय का?"

"आमचे वडील," ताई म्हणाल्या. "पण ते शिडीवरून पडले."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. ताईंकडे नीट पाहिलं. "मग तुम्हीही तपासून घ्या."

"मी?" ताई मोठ्याने हसल्या. "अहो, मी रोज सकाळी पोरं यायच्या आत तलावाला फेऱ्या मारते. मला कधी सर्दी झालेली नाही."

खरं तर त्या आल्याच नसत्या. पण त्या एमआरआयच्या नळकांड्यात आपल्याला एकट्याला घालणार या कल्पनेनेच नवरा अर्धमेला झाला होता. शेवटी ताई वैतागून म्हणाल्या, "चल, मीही जाते तुझ्यामागून. रडू नको." त्या गेल्या त्या भावाला धीर द्यायला.

त्या तपासणीत आत आडवं करून हातातून एक औषध सोडतात. कानाला लावलेल्या हेडफोनमधून सूचना येतात, श्वास घ्या, सोडा, धरून ठेवा. जितका वेळ श्वास रोखाल तितके फोटो स्वच्छ. नवऱ्याला जमेना. त्याला मध्येच खोकला यायचा, फोटो हलायचा, पुन्हा सुरुवात. घामाघूम होऊन बाहेर आला. मग ताई गेल्या. बाहेर आल्या त्या कॉलर ताठ करूनच. आतला तंत्रज्ञ त्यांना म्हणाला होता, इतका वेळ आणि इतका स्थिर श्वास धरणारं माणूस मी या खोलीत पाहिलं नाही, असे फोटो आम्हाला क्वचित मिळतात. हे त्यांनी मला घरी येईपर्यंत तीनदा ऐकवलं.

निकालाच्या दिवशी आम्ही तिघं त्या छोट्या खोलीत बसलो होतो. टेबलावर पडदा होता. डॉक्टरांनी आधी नवऱ्याचं हृदय दाखवलं. मला त्यातलं काय कळणार? मोठं, पसरट, धुऊन धुऊन सैल पडलेल्या बनियनसारखं दिसत होतं. पण त्याची भिंत सगळीकडून काळी होती.

"इंजेक्शनातून जे औषध सोडलं होतं, ते सगळ्या हृदयात पसरतं," डॉक्टर म्हणाल्या. "चांगल्या स्नायूतून लवकर निघून जातं. जिथे वण असतो तिथे अडकून राहतं. म्हणून थोड्या वेळाने फोटो काढला की चांगला स्नायू काळा दिसतो आणि वण पांढरा."

"म्हणजे काळं ते चांगलं," ताई म्हणाल्या. "चला, इथे तरी काळ्याला मान आहे."

डॉक्टर जराशा हसल्या. "यांचं हृदय दमलंय, पण वण कुठेच नाही. गोळ्यांनी सुधारायची बरीच आशा आहे."

नवऱ्याने इतका मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचा कागद हलला. ताईंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. "बघ, उगाच टरकला होतास."

मग डॉक्टरांनी ताईंचं हृदय लावलं. ते आटोपशीर होतं, छान गोल. फोटो एवढा स्वच्छ की त्याच्यापुढे नवऱ्याचा धुक्यातून काढल्यासारखा वाटावा. आणि हृदयाचे दोन भाग करणारी जी मधली भिंत असते, तिच्या ऐन मधोमध एक पांढरी रेघ होती. टोकदार खडूने ओढावी तशी.

मग नवऱ्यानेच विचारलं, "ही रेघ कसली?"

"वण आहे," डॉक्टर म्हणाल्या.

"पण मला कधी काही लागलेलं नाही," ताई म्हणाल्या.

"बाहेरून लागलेला नाही. स्नायू आतल्या आत मरत जातो आणि त्याची जागा वण घेतो. तुमच्या घराण्यातच असावं. तुमच्या वडिलांनाही असेल."

"पण तिला काहीच होत नाही!" नवरा जवळजवळ भांडायलाच उठला.

"अजून नाही," डॉक्टर म्हणाल्या.

ताई पुढे झुकल्या. त्यांचा आवाज तलावावरचा झाला, चुकलेल्या पोराला जाब विचारतात तसा. "माझं पंपिंग याच्यापेक्षा चांगलं आहे ना?"

"पुष्कळ चांगलं आहे."

"मग?"

"पंपिंगवरून आज काय चाललंय ते कळतं. वणावरून पुढे काय होईल त्याचा अंदाज येतो. अंदाजच, खात्री नव्हे. पण असा वण असलेल्यांना गोळ्या कमी लागू पडतात. आणि ठोके एकाएकी बिघडून माणूस जायचा धोका जास्त असतो. खरं सांगायचं तर मला तुमच्या भावापेक्षा तुमची काळजी जास्त वाटते."

लिफ्टमधून खाली येताना आम्ही तिघं दाराकडे तोंड करून उभे होतो. तळमजला आला तेव्हा ताई म्हणाल्या, "फोटो मात्र माझाच चांगला आला." कुणी हसलं नाही. त्याही नाही.

पुढच्या महिन्यात त्यांच्या गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, एक यंत्र बसवलं. ठोके बिघडले की आतून शॉक देऊन ते पुन्हा लायनीवर आणणारं. ताई त्याला काडेपेटी म्हणायच्या. आकार साधारण तेवढाच होता. बोट लावलं की चौकट हाताला लागायची. जखम भरली आणि त्या तलावावर गेल्या, तर तिथल्या साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी विचारलं, आणि सांगितलं की आता पाण्यात उतरता येणार नाही. पाण्यात असताना शॉक बसला आणि हाताशी एखादं पोर असलं तर? साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्याचं म्हणणं चूकही नव्हतं. त्याने त्यांना लॉकरच्या किल्ल्या देण्याच्या खिडकीत बसवलं. त्या खिडकीतून तलाव दिसायचा नाही, फक्त ऐकू यायचा. नवा शिक्षक पोरांना चुकीचं शिकवत असला की त्यांना नुसत्या पाण्याच्या आवाजावरून कळायचं, आणि मग त्या तिथूनच ओरडायच्या. साहेबाने तेही बंद करायला सांगितलं.

इकडे नवरा सुधारत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच, पायरी पायरीने. सूज उतरली. उशी एकच पुरायला लागली. वर्ष सरेपर्यंत पंपिंग इतरांसारखं झालं. डॉक्टर म्हणाल्या, फार छान, गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत. मी घरी येऊन देवापुढे दिवा-उदबत्ती लावली आणि लगेच खिडकी लावून घेतली, वर वास जायला नको म्हणून. आमच्या घरात आनंद करायचीही चोरी झाली होती.

पहिला शॉक ताईंना त्या खिडकीतच बसला. एका बाईला किल्ली देत होत्या, दुपारची वेळ होती. स्टुलावरून खाली पडल्या. शुद्ध गेली नव्हती, हे जास्त वाईट. आतून घोड्याने छातीत लाथ घातली, असं त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी यंत्रातली नोंद तपासली आणि म्हणाल्या, "त्याने तुमचा जीव वाचवला. ते नसतं तर तुम्ही वडिलांसारख्याच गेला असतात."

"त्याला सांगा," ताई म्हणाल्या, "एवढ्या जोरात वाचवू नको म्हणावं."

विनोद त्यांनी केला, पण त्या दिवसापासून त्या घाबरल्या. मी त्यांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे मला आधी ओळखूच आलं नाही. मला वाटलं, रागावल्या आहेत. त्या खुर्चीत बसून राहायच्या, एक हात काडेपेटीवर. मोठ्याने हसायच्या नाहीत, कारण मोठ्याने हसलं की ठोके वाढतात. आंघोळीला जाताना दाराला कडी लावायच्या नाहीत, मला बाहेर उभं राहायला सांगायच्या. खोल पाण्यात बुडणाऱ्याचे केस धरून त्याला ओढून आणणारी ही बाई, आणि बादलीभर पाण्याला भ्यायला लागली. नोकरी त्यांनी सोडली. थकवा होताच. आधी आम्ही म्हणालो भीतीचा असेल, वयाचा असेल. मग त्यांच्याही घोट्यावर वळ दिसायला लागले.

नवऱ्याला आपल्या बरं होण्याची लाज वाटायला लागली होती. वर बहिणीकडे गेला की तो मुद्दाम धापा टाकायचा. दारात उभा राहून छातीवर हात ठेवायचा, मग बसायचा. एक दिवस मी त्यांचा चहा घेऊन वर गेले होते तेव्हा ताईंनी त्याला पकडलं.

"बस झालं नाटक," त्या म्हणाल्या. "तू घरी येतोस तेव्हा दोन-दोन पायऱ्या चढतोस. मला वरून ऐकू येतं. माझ्या दारापुढेच बरा दम लागतो रे तुला?"

तो कानापर्यंत लाल झाला. "तसं नाही ताई..."

"मला बरं वाटतं तू चढतोस ते. तेवढं तरी ऐकू दे."

पुढचा शॉक एकटा आला नाही. आम्ही दोघी तपासणीला निघालो होतो. जिन्याच्या वळणावर त्यांनी माझा दंड धरला आणि पहिला बसला. त्यांचं अख्खं शरीर उडालं. मी त्यांना खाली बसवेपर्यंत दुसरा. मग तिसरा. दोन शॉकांच्या मधे त्या माझ्या डोळ्यांत बघत होत्या आणि म्हणत होत्या, "थांबव गं, थांबव ना." मी काय थांबवणार होते? शेजारपाजारचे दारात येऊन उभे होते. कुणाला जवळ यायचा धीर होईना. ते किती वेळा झालं ते मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. मी ते विसरायचा प्रयत्न केला आणि आता खरंच विसरले आहे.

दवाखान्यात त्यांनी मांडीतून एक तार हृदयात घालून बिघडलेली जागा जाळायचा प्रयत्न केला. वण भिंतीच्या ऐन पोटात होता. या बाजूनेही तार पोचेना आणि त्या बाजूनेही. ठोक्यांच्या गोळ्या वाढवल्या. शॉक थांबले, पण त्यानंतर पंपिंग उतरणीला लागलं ते कुठे थांबलंच नाही. नवऱ्याला ज्या गोळ्यांनी उठवलं त्याच गोळ्या त्या घेत होत्या, त्याच रंगाच्या, त्याच दुकानातल्या. त्याला लागू पडल्या, त्यांना नाही. अगदी त्या खोलीत सांगितलं होतं तसंच.

त्यांचे कपडे माझ्याकडेच यायचे. खांदे उतरले होते आणि पोटात पाणी साठत होतं. खांदे आत घ्यायचे आणि कंबर सोडायची, असं एकाच कपड्यात मी कधी केलं नव्हतं. एकदा मी टाचण्या लावत होते तेव्हा त्या आरशात बघत म्हणाल्या, "बरं झालं. आता दुकानातला कपडा तरी बसेल." मी तोंडातल्या टाचण्यांचं निमित्त करून गप्प राहिले.

मग एका सकाळी त्यांनी वरून काठी आपटली. आम्हाला बोलवायची ती त्यांची खूण होती. मी गेले तर म्हणाल्या, "तू नको. त्याला पाठव." तो गेला, आणि मीही मागून गेले. ताईंनी त्याला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "मोजे काढ."

"कशाला?"

"मोजे काढ म्हणते ना!"

त्यांनी वाकून त्याच्या घोट्यावर अंगठा दाबला. वाकण्यानेच त्यांना धाप लागली होती. खळगा पडला आणि तसाच राहिला.

"गेले काही दिवस तू जिन्यावर थांबतोस," त्या म्हणाल्या. "या वेळी नाटक नाही. गोळ्या कधीपासून बंद केल्यास?"

मी नवऱ्याकडे बघतच राहिले. मी रोज सकाळी त्याच्या हातावर गोळ्या ठेवत होते. तो छापखान्यात जाताना गोळ्या गटारात टाकत होता.

तो लहान मुलासारखा रडायला लागला. "दवाखान्यात मी आजारी म्हणून गेलो होतो. तू तर मला सोबत म्हणून आलीस. आणि मी बरा होऊन बसलोय. मला ते सोसत नाही ताई."

ताईंनी त्याच्या थोबाडीत मारली. जोर नव्हता त्या मारण्यात, पण मारली. "मरण म्हणजे काय पांघरूण वाटलं तुला? निम्मं माझ्या अंगावरून ओढून घेशील? तू मेलास म्हणून मी एक दिवसही जास्त जगणार नाहीये, मूर्खा! हिला काय सांगणार होतास? पोरीला काय सांगणार होतास?"

पोरगी म्हणजे आमची एकुलती मुलगी. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते.

त्या दिवसापासून रोज सकाळी तो वर जाऊन ताईंच्या समोर गोळ्या गिळायचा. त्या त्याला तोंड उघडून दाखवायला लावायच्या. पण पहिल्या वेळी हृदय जसं परत आलं होतं तसं दुसऱ्या वेळी आलं नाही. अर्ध्यावर येऊन थांबलं. डॉक्टर म्हणाल्या, कधी कधी एकदाच संधी मिळते. तो आजही चालतोफिरतो, कामावर जातो, पण दोन-दोन पायऱ्या नाहीत.

ताईंना नवं हृदय बसवता येईल का, तेही विचारून झालं. दवाखान्यात ठेवून सगळ्या तपासण्या झाल्या. फुफ्फुसांतला दाब इतका वाढला होता की नवं हृदय बसवलं तरी ते टिकणार नव्हतं. हे सांगायला डॉक्टर स्वतः त्यांच्या पलंगापाशी आल्या होत्या. चष्मा त्या दिवशी डोळ्यांवर होता.

ताईंनी विचारलं, "त्या पहिल्या दिवशीच तुम्हाला हे माहीत होतं का?"

"शक्यता माहीत होती. कधी आणि कसं ते नव्हतं."

"मग मला कळून काय फायदा झाला?"

"यंत्र बसवलं म्हणून तुम्ही त्या खिडकीत वाचलात."

"हो," ताई म्हणाल्या. "वाचले. हे बघायला."

डॉक्टर पलंगाच्या कठड्याला धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मग गेल्या. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं, आणि त्यांनी ते असल्याचं सोंग केलं नाही.

दोन दिवसांनी ताईंनीच सांगितलं की काडेपेटी बंद करा. म्हणजे यंत्र काढायचं नाही, फक्त त्याचं शॉक देणं थांबवायचं. असं करता येतं, हे त्यांनी कुणाकडून काढलं कोण जाणे. नवरा हमसून हमसून म्हणाला, "ताई, म्हणजे तू आता..."

"छोट्या," त्या म्हणाल्या, "मला झोपायचंय रे. डोळा लागतोय न लागतोय तोच वाटतं, आता लाथ बसणार. मरायची भीती नाही वाटत मला आता. वाचायची वाटते."

त्याने बाहीला डोळे पुसले आणि तो डॉक्टरांना सांगायला गेला.

एक तंत्रज्ञ आला. त्याने त्यांच्या छातीवर साबणाच्या वडीएवढी एक वस्तू ठेवली, समोरच्या पडद्यावर काहीतरी दाबलं आणि म्हणाला, "झालं."

"एवढंच?" ताई म्हणाल्या. दोन वर्षं ज्याच्या धाकात काढली ते एका बोटाच्या दाबाने संपलं होतं. त्या दुपारी त्या संध्याकाळपर्यंत झोपल्या, तोंड उघडं टाकून, घोरत. त्या सगळ्या काळातली मला आठवावीशी वाटणारी तेवढी एकच दुपार आहे.

त्यांना घरी आणल्यावर महिना गेला असेल. वण असणारं माणूस असं पटकन जातं, हे आम्ही इतकं ऐकलं होतं की यंत्र बंद केलं की त्या झोपेतच जातील, असं मी धरून चालले होते. तेवढीही सवलत त्यांना मिळाली नाही. ठोके नीट चालत राहिले आणि हृदय मात्र थकत थकत गेलं. छातीत पाणी भरायचं. लघवीच्या गोळ्यांनी थोडं उतरायचं आणि पुन्हा भरायचं. एकदा त्या म्हणाल्या, "पाणी बाहेर असलं की बरं गं. हात मारता येतो." शेवटी शेवटी बोलत नव्हत्या, नुसता श्वास ओढायच्या. गेल्या त्या सकाळी. नवरा खाली चहा आणायला गेला होता. त्यांचा हात माझ्या हातात होता असं सांगायला मला बरं वाटलं असतं. पण मी मोरीपाशी त्यांचा पेला विसळत होते. नळ बंद केला तेव्हा खोलीत आवाज नव्हता.

मुलगी चार दिवस आली होती. जायच्या आदल्या दिवशी मी विषय काढला. डॉक्टरांनी आम्हाला मागेच बजावलं होतं, मुलीची तपासणी करून घ्या, हे घराण्यात आहे. मी परस्पर तारीखसुद्धा घेऊन ठेवली होती.

"मी नाही जाणार," ती बॅग भरता भरता म्हणाली.

"अगं, पण वेळेवर कळलं तर..."

"आत्याला वेळेवर कळलं होतं ना? काय झालं कळून? सगळ्यात आधी तिचं पाणी बंद झालं."

"तुझ्या बाबांना कळलं म्हणून गोळ्या मिळाल्या."

"बाबांना धाप लागली म्हणून गोळ्या मिळाल्या, आई. मला धाप लागली की मीही जाईन. त्याच्या आधी माझ्या आत काय लिहिलंय ते मला नाही वाचायचं."

नवरा दारात उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं, तू तरी काही बोल या अर्थाने. त्याने मान खाली घातली. मला तिला सांगायचं होतं की सगळ्यांच्या नशिबी तेच नसतं, तुझ्या बाबांच्या हृदयात रेघ नव्हती, तुझ्यातही नसेल. पण असली तर? त्या खोलीत, त्या पडद्यासमोर, तिच्या शेजारी बसून मी काय सांगणार होते? मी तिला घड्या घातलेले कपडे एकेक करून देत राहिले.

घेतलेली तारीख गेली. दुसरी मी मागितली नाही आणि तिनेही नाही. मी रोज ठरवते की आज पुन्हा विषय काढायचा, आणि रोज राहतं. ती सुट्टीच्या दिवशी फोन करते. ऑफिसातलं सांगते, घरमालकिणीच्या गमती सांगते. माझं त्या गोष्टींकडे अर्धंच लक्ष असतं. दोन शब्दांच्या मधे ती श्वास कसा घेते ते मी ऐकत असते. परवा बोलता बोलता ती मधेच थांबली, आणि पलीकडून नुसताच श्वास ऐकू आला.

"धाप लागलीय का गं तुला?" मी विचारलं.

"पिशव्या घेऊन चालतेय, आई," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.